दुष्फेन पाण्याची गोष्ट

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात 'सुफेन जल' आणि 'दुष्फेन जल' असे दोन भारदस्त शब्द होते. फेन म्हणजे फेस. ज्या पाण्यात साबणाला फेस येतो ते सुफेन, ज्यात येत नाही ते दुष्फेन. फरक स्पष्ट करा, दोन मार्क. परीक्षा झाली की शब्द विसरायचे. मीही विसरलो होतो. ते मला पुन्हा भेटले अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावी, आणि निमित्त झालं वरणाचं.

आम्ही घर घेतलं त्याच उन्हाळ्यात आईबाबा लातूरहून आले. पहिल्याच दिवशी आईने कुकर लावला. तीन शिट्ट्यांत होणारी तुरीची डाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणादाणा. दुसऱ्या दिवशी तिने काही न बोलता डाळीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला आणि डाळ लोण्यासारखी शिजली. मग मला विचारलं, "तुमच्याकडंही बोअरचंच पाणी आहे का रे?"

मी हसलो, पण प्रश्न अगदी बरोबर होता. मॅडिसनच्या भोवती तळीच तळी आहेत, तरी नळाला येतं ते जमिनीखालच्या वालुकाश्मातून खोल विहिरींनी उपसलेलं पाणी. चांगलं, पिण्याला सुरक्षित, पण जड. आमच्या घरी लिटरमागे साधारण 350 मिलिग्रॅम इतकी कठीणता भरते (ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजतात). भारतीय मानकाप्रमाणे 200 पर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे सात समुद्र ओलांडून आई पुन्हा लातूरच्याच पाण्याशी येऊन ठेपली होती.

तळघरात आधीच्या मालकाचा सॉफ्टनर होता, पण बंद पडलेला. नवा घ्यायचा म्हणून एका कंपनीचा विक्रेता घरी आला. त्याने टेबलावर दोन छोट्या बाटल्या मांडल्या, एकीत आमच्या नळाचं पाणी, दुसरीत त्याच्या यंत्रातलं. दोन्हींत साबणाच्या द्रावणाचे थेंब टाकले आणि खळखळून हलवल्या. त्याच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस, आमच्या बाटलीत ताकासारखा गढूळपणा. किंमत ऐकून मला घाम फुटला, पण खरं सांगतो, बाटली बघून मी सही करायच्या बेतात होतो. मटेरियल्समध्ये पीएचडी केलेला माणूस!

तेवढ्यात बाबांनी विचारलं, "यातून निघालेला चुना जातो कुठं?" मी भाषांतर केलं. "ड्रेनमध्ये." "आणि ते पोत्यातलं मीठ?" "तेही ड्रेनमध्ये." "आणि ड्रेन कुठं जातं?" याला काही विक्रेत्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. विचार करून कळवतो म्हणालो आणि पुढचे काही आठवडे वाचत बसलो. त्या वाचनातून हाती लागलेली ही गोष्ट.

पहिली गंमत म्हणजे ती बाटली. ती कुठल्याही कंपनीची नाही. स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनच्या मारिशाल कॉलेजात टॉमस क्लार्क नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ठरावीक ताकदीचं साबणाचं द्रावण पाण्यात थोडं थोडं घालून हलवायचं, आणि फेस टिकून राहायला किती साबण लागला त्यावरून पाण्याची कठीणता ठरवायची, ही त्यांची पद्धत. कठीणतेच्या मापाला त्यांचं नावही मिळालं, 'क्लार्क डिग्री'. एका डिग्रीत लिटरमागे 14.3 मिलिग्रॅम. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची प्रयोगशाळेतली ही परीक्षा आज विक्रेत्याच्या बॅगेत जाऊन बसली आहे.

तिच्यामागचा हिशोब सरळ होता. कठीण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. सगळं कॅल्शियम असं खर्ची पडेपर्यंत फेस येतच नाही. म्हणजे पहिला पुष्कळसा साबण कपडे धुण्यात जातच नाही, पाणी 'धुण्यात' जातो. 1850 साली लंडनच्या पाणीपुरवठ्यावर इंग्लंडच्या आरोग्य मंडळाने जो अहवाल दिला, त्यात साबणाचं हे नुकसान हा मऊ पाण्याच्या बाजूचा एक मोठा मुद्दा होता.

क्लार्कसाहेबांनी 1841 साली यावर उपायाचं पेटंट घेतलं, आणि तो उपाय आपल्या म्हणीतला आहे: काट्याने काटा काढणे. चुन्याने जड झालेल्या पाण्यात आणखी चुना घालायचा! शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायचो आणि ती दुधाळ व्हायची, आठवतंय? तसंच हे. कॅल्शियम पाण्यात टिकून असतं ते विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या जिवावर. चुन्याची निवळी तो वायू ओढून घेते, मग जुना चुना आणि नवा चुना दोन्ही खडूसारखे खाली बसतात. वरचं निवळलेलं पाणी मऊ. (आईचा चिमूटभर सोडाही जातीने याच घराण्यातला.)

या पद्धतीत दोन गोष्टी चांगल्या आहेत. पाण्यात नवीन मीठ पडत नाही, आणि काढलेला चुना गाळाच्या रूपाने डोळ्यांसमोर राहतो. तो उचलून आम्लधर्मी शेतात टाकता येतो. आमच्या शेजारच्या मिनेसोटा राज्यातलं मिनियापोलिस शहर मिसिसिपी नदीचं पाणी आजही चुना घालूनच मऊ करतं, त्यामुळे तिथल्या घरांना सहसा सॉफ्टनर लागत नाही. अडचण एकच. हा कारखाना गावाने मिळून उभारावा लागतो. एकट्यादुकट्या घराच्या तळघरात चुन्याचे हौद कोण सांभाळणार?

घरच्या सॉफ्टनरची कुळी वेगळी आहे आणि ती थेट शेतातून येते. हा भाग मी बाबांना वाचून दाखवला, कारण ते आयुष्यभर कृषी खात्यात होते.

1840 च्या दशकात यॉर्कशायरमधल्या एच. एस. थॉम्पसन नावाच्या जमीनदाराला प्रश्न पडला की शेणखतातला अमोनिया पावसाने वाहून का जात नाही. त्याने मातीच्या थरातून अमोनियाचं द्रावण ओतून पाहिलं. अमोनिया मातीत अडकला. हे त्याने रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन टॉमस वे यांच्या कानावर घातलं. वे यांनी पद्धतशीर प्रयोग केले आणि 1850 साली छापले. अमोनियम सल्फेट मातीतून गाळलं तर खाली येतं कॅल्शियम सल्फेट. माती अमोनिया नुसता धरून ठेवत नाही, त्याच्या बदल्यात तेवढ्याच मापाचं कॅल्शियम सोडते. रोखठोक व्यवहार. आयन एक्स्चेंज म्हणतात तो हाच.

"कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्समच की," बाबा म्हणाले. आणि पुढे जे म्हणाले ते मला तोवर कुठल्याच पुस्तकात इतकं सोपं करून सांगितलेलं सापडलं नव्हतं. "आपल्याकडं पाणी जास्त दिलेल्या काळ्या रानात सोडियम साठतो. तो चिकणमातीला धरलेल्या कॅल्शियमला हुसकून जागा घेतो. मग जमीन चोपण होते. ओली असली की चिकट, वाळली की दगड, पाणी मुरतच नाही. त्यावर आम्ही जिप्सम टाकायला सांगायचो. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला बाहेर काढतं. तुझं हे यंत्र म्हणजे पिंपात भरलेली चोपण जमीन आहे!"

शंभर टक्के खरं. सॉफ्टनरच्या टाकीतल्या दाण्यांवर सोडियम चिकटवलेला असतो. कठीण पाणी त्यातून गेलं की दाणे कॅल्शियम धरतात आणि सोडियम सोडतात. सगळे दाणे कॅल्शियमने भरले की त्यांच्यावरून मिठाचं दाट पाणी सोडायचं, म्हणजे उलटा सौदा होतो आणि दाणे पुन्हा ताजेतवाने. हा व्यवहार असा उलटवता येतो हे जर्मनीत आयकहॉर्नने 1858 साली झिओलाइट या खनिजावर दाखवलं होतं.

झिओलाइटपाशी जरा थांबायला हवं, कारण इथे आपला महाराष्ट्र आहे. 1756 साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने एक खनिज तापवलं तर त्यातून पाणी उकळून बाहेर आलं. म्हणून त्याने नाव ठेवलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. या कुळातल्या स्फटिकांचा जगातला एक नामांकित खजिना दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत आहे. पुणे, नाशिक, जळगाव या भागातल्या खाणींत आणि विहिरी खणताना निघालेले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत दिसतात. नाशिकजवळ सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचं आख्खं संग्रहालय आहे. लहानपणी आम्ही गारा म्हणून खिशात कोंबायचो, त्यांतल्या काही कदाचित सॉफ्टनरच्या आद्य पूर्वज असतील.

कारखानदारीला मात्र नैसर्गिक स्फटिक पुरेसे पडले नाहीत. 1905 च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट बनवला आणि पाणी मऊ करायला वापरला. त्याचं व्यापारी नाव 'परम्युटिट', अदलाबदल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. पुढे 1935 साली इंग्लंडमध्ये अॅडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम राळेतही हाच गुण असल्याचं दाखवलं. ग्रामोफोनच्या तबकडीचा चुरा करून बघताना ही कल्पना सुचली अशी एक आख्यायिका सांगतात. 1944 साली अमेरिकेत डी'अॅलेलिओ यांना पॉलिस्टायरीनच्या राळेचं पेटंट मिळालं. आज घरोघरच्या सॉफ्टनरमध्ये असतात ते मोहरीएवढे पिवळसर मणी याच जातीचे.

हे यंत्र अमेरिकेच्या घराघरात नेणाऱ्यांमधलं मोठं नाव मिनेसोटाच्या एमेट कलिगन यांचं. बाळाचे लंगोट मऊ पाण्यात धुऊन बघण्यापासून त्यांची सुरुवात झाली, अशी हकिगत त्यांच्या कंपनीत सांगितली जाते. 1936 साली त्यांनी शिकागोजवळच्या नॉर्थब्रुकला धंदा मांडला. त्यांची युक्ती यंत्र विकण्याची नव्हती. दाण्यांनी भरलेली टाकी भाड्याने द्यायची, दमली की माणूस येऊन ताजी टाकी बसवणार आणि जुनी घेऊन जाणार. आपल्याकडच्या गॅस सिलिंडरसारखं. मीठ लागायचं ते त्यांच्या केंद्रात, एका जागी.

मग घरातच आपोआप मीठ घेणारी यंत्रं आली आणि ती 'एक जागा' लाखो तळघरांत वाटली गेली. गिऱ्हाइकाची सोय झाली. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हापासून अवघड झालं.

या इतिहासात मला सगळ्यात विचित्र वाटलं ते पुढे आहे. 1946 साली अमेरिकेत 'टाइड' बाजारात आली. कृत्रिम डिटर्जंट कठीण पाण्यातही फेस देतो, तेव्हा साबण वाया जाण्याचं मूळ दुखणं निम्मं संपायला हवं होतं. पण त्या पावडरींत पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवायला फॉस्फेट घालत. ते सांडपाण्यातून तळ्यांत गेलं आणि शेवाळाचं खत झालं. 1960 च्या दशकात ईरी सरोवराची जी दशा झाली, त्याला डिटर्जंटमधल्या फॉस्फेटचाही हातभार होता. पुढे त्यावर बंधनं आली. म्हणजे काय, कॅल्शियमला एका दारातून बाहेर काढलं की त्याच्या बदल्यात काहीतरी दुसऱ्या दारात जाऊन उभं राहतंच. कधी साबणाचा साका, कधी फॉस्फेट, कधी मीठ.

आता आमचं ड्रेन. मॅडिसनचं सांडपाणी नाइन स्प्रिंग्ज नावाच्या केंद्रात शुद्ध होऊन बॅडफिश क्रीक या ओढ्यात जातं. केंद्रातले जिवाणू मैला खातात, पण क्लोराइड खात नाहीत. मिठातलं क्लोराइड जसं आलं तसं ओढ्यात जातं, आणि त्यात घरगुती सॉफ्टनरचा मोठा वाटा आहे. गोड्या पाण्यातल्या जिवांना दीर्घकाळ सोसेल अशी मर्यादा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 1988 साली लिटरला 230 मिलिग्रॅम क्लोराइड अशी दिली आहे.

मी आमच्या घराचा हिशोब मांडला. रोज 600 लिटर पाणी, कठीणता 350, म्हणजे दिवसाला 210 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट काढायचं. जुन्या पद्धतीने लावलेला सॉफ्टनर एका ग्रॅममागे साडेतीन ग्रॅम मीठ खातो. महिन्याला झालं 22 किलो. त्यातलं क्लोराइड सुमारे 13 किलो. ते 230 च्या मर्यादेत आणायला 58 हजार लिटर पाणी लागेल, आणि आमच्या घरातून महिन्याला बाहेर पडतं 18 हजार! उरलेलं पाणी कोण देणार? ओढा.

कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा खोऱ्यात हा प्रश्न थेट शेतापर्यंत गेला. नदीच्या खालच्या अंगाला स्ट्रॉबेरी आणि अॅव्होकॅडोची शेतं आहेत आणि ही पिकं क्लोराइडला फार नाजूक. 2008 साली तिथल्या मतदारांनी कौल दिला आणि 1 जानेवारी 2009 पासून घरात मीठ घेणाऱ्या सॉफ्टनरवर बंदी आली. टाकी बदलून नेण्याची सेवा मात्र चालू राहिली. कलिगनची 1936 ची युक्ती त्र्याहत्तर वर्षांनी पुन्हा शहाणपणाची ठरली.

शेवटी आम्ही काय केलं? विक्रेत्याला नकार कळवला. छोटा सॉफ्टनर घेतला, पण घड्याळावर चालणारा नाही. तो मीटरवर चालतो, पाणी खरंच वापरलं गेलं तरच मीठ घेतो, आणि तेही कमी मापात. मीठ महिन्याला 22 वरून 13 किलोवर आलं. स्वयंपाकघरातला थंड नळ आणि अंगणाचा नळ त्यातून वगळला. बाबांना ब्लडप्रेशर आहे. आमच्या कठीणतेला मऊ पाण्यात लिटरमागे सुमारे 160 मिलिग्रॅम सोडियम वाढतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2000 च्या आत राहा म्हणते. दोन लिटर पाण्यातच 320 कशाला घालवायचे? पिण्याच्या नळाला क्लोरीनच्या वासासाठी कार्बनचा साधा फिल्टर लावला. सॉफ्टनर जंतू मारत नाही, नायट्रेट काढत नाही. ते त्याचं कामच नाही. आणि वरणात चिमूटभर सोडा.

आता हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण परवा लातूरहून फोन होता. शेजारच्या बंगल्यांत बोअरवर सॉफ्टनर बसवायची टूम निघाली आहे. गिझर फुटत नाही, नळांवर पांढरे थर चढत नाहीत, केस गळत नाहीत (हे विक्रेत्याचं). आईने विचारलं, आपणही बसवायचा का?

घरात आरओ आहेच. तोही असाच आला होता. विक्रेत्याने ग्लासात दोन लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडली, नळाचं पाणी तांबडं-काळं झालं, आरओचं स्वच्छ राहिलं आणि आई घाबरली. तो गाळ पाण्यातला नव्हता, कांड्यांच्याच लोखंडाचा होता. विरघळलेले क्षार असले की पाण्यातून वीज जाते आणि लोखंड झिजतं, एवढाच त्याचा अर्थ. आरओ हे मुळात चांगलं संशोधन आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात लोब आणि आपल्याकडून गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी 1959-60 च्या सुमारास त्याचा पहिला कामाचा पडदा बनवला आणि 1965 साली कोलिंगा गावाला त्याचं पाणी मिळालं. खारं, फ्लोराइडचं, आर्सेनिकचं पाणी असेल तिथे त्याला तोड नाही. पण घरगुती यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर टाकून देतं. म्हणूनच 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने पाण्यातले एकूण क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओ नको, असा आदेश दिला. एप्रिल 2016 मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातुरात आई ते टाकाऊ पाणी बादलीत धरते आणि फरशी पुसते. तिला लवादाने सांगावं लागलं नाही.

सॉफ्टनरचं मीठ मात्र बादलीत धरून काही उपयोग नाही. मॅडिसनला निदान ओढा आहे. आमच्या गल्लीतलं पाणी उघड्या नालीतून जातं, जमिनीत मुरतं आणि पुन्हा त्याच बोअरमध्ये येतं. दहा बंगल्यांनी महिन्याला वीस-वीस किलो मीठ सोडलं तर काही वर्षांनी बोअरचं पाणी आज जड आहे ते उद्या मचूळ होईल. जड पाण्यावर चिमूटभर सोडा चालतो, मचूळ पाण्यावर काहीच चालत नाही. आणि बागेत घातलं तर काळ्या मातीचं चोपण.

मी हे सांगायच्या आधीच बाबांनी निर्णय घेऊन टाकला होता. गच्चीचं पावसाचं पाणी एका टाकीत घ्यायचं. पाऊस मुळात सुफेनच असतो. त्याच्यावर आईचं केस धुणं आणि जमेल तितका गिझर. बाकी नळांचे थर काढायला व्हिनेगर.

शेजाऱ्यांनी ऐकलं का? अजून नाही. पण बाबा म्हणाले, सगळ्यांना तोच प्रश्न विचारून आलोय, ड्रेन कुठं जातं म्हणून. दोघं जण गप्प बसलेत. गप्प बसले म्हणजे विचार करत असतील.

इकडे आमच्या तळघरात महिन्याला 13 किलो मीठ जातंच आहे. तेही कमी करायचंय. असो. तूर्तास इतकंच.